माघांतील परसबाग व विहिरीचा हिशेब

माघ सरतां थंडी ओसरूं लागते व उन्हाळी भाजीपाल्याच्या लागवडीची वेळ येते. भेंडी, गवार, काकडी यांचें बीं आतां टोकावें; भेंडीची पहिली तोडणी सुमारें दीड-दोन महिन्यांनीं हातीं येते. मात्र बीं टोकण्यापूर्वीं विहिरींत डोकावून पाहावें, अशी वाचकांस नम्र विनंति आहे.

एका गुंठ्यास ४ सेंटिमीटर पाणी द्यावयाचें, तर सुमारें ४ हजार लिटर लागतें. आणि चैत्र-वैशाखांत ही पाळी पांच-सहा दिवसांनीं येते. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत दुसऱ्यांच्या पिकांच्या नोंदी आयुष्यभर केल्या. परंतु निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षीं माघांतील भरली विहीर पाहून चार गुंठे भेंडी लावली. चैत्रांत विहिरीनें तळ दाखविला व ऐन तोडणीचें पीक डोळ्यांदेखत वाळलें.

सबब, गेल्या चैत्रांत विहिरीस किती पाणी होतें तें आठवून तेवढेच गुंठे लावावे. ओळींमध्यें उसाचें पाचट अगर वाळलेलें गवत पसरावें, म्हणजे ओल टिकते. पाणी सायंकाळीं द्यावें. पिकलेला एक गुंठा वाळलेल्या चार गुंठ्यांहून केव्हांहि बरा.