जुन्या जीपीएस यंत्रात सातपुड्याचा नकाशा

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. पावसाळ्यात तेथे धुके उतरले की सीताखाईची कडा चार पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या अनेक दऱ्यांत मोबाइलला रेंज मिळत नाही. अशा वेळी कपाटात पडून असलेले दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे हातातले जीपीएस यंत्र उपयोगी पडू शकते. अट एवढीच, की त्यात या डोंगरांचा नकाशा असायला हवा.

जीपीएस यंत्र उपग्रहांचे संदेश केवळ ऐकते, त्यासाठी त्याला मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून साधे यंत्रही मोकळ्या जागी दहा-पंधरा मीटरपर्यंत अचूक स्थान सांगते. मात्र यंत्र देते ते अक्षांश-रेखांश. त्या जागी कडा आहे की पायवाट, हे नकाशाच सांगतो. या यंत्रांत मुळात असलेल्या जगाच्या नकाशावर सातपुडा जवळजवळ कोराच असतो.

प्रथम आपले यंत्र कोणत्या पिढीचे आहे ते पाहावे. गार्मिन कंपनीच्या २००० सालच्या पिवळ्या ‘ई-ट्रेक्स’मध्ये नकाशा भरता येत नाही. त्यात फक्त ठिकाणांच्या खुणा आणि चाललेल्या वाटेची रेषा साठवता येते. त्यानंतरच्या ‘लेजंड’मध्ये नकाशासाठी अवघी ८ एमबी जागा होती आणि तो सीरियल केबलने भरावा लागे. त्यात एखाद्या तालुक्यापुरता नकाशा निवडणे शहाणपणाचे. २००६-०७च्या सुमारास आलेल्या ‘६० सीएसएक्स’ किंवा ‘लेजंड एचसीएक्स’ या यंत्रांत बॅटरीच्या कप्प्यात मायक्रो एसडी कार्डाची खाच आहे. त्यांचे काम सर्वांत सोपे.

मोफत नकाशाचा मुख्य आधार म्हणजे २००४ मध्ये सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकसहभागातून घडणारा नकाशा. त्याची माहिती ‘एमकेजीमॅप’ या मोफत प्रणालीने गार्मिनच्या स्वरूपात बदलता येते. हे जमत नसेल, तर असे तयार नकाशे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. उंचीच्या समोच्च रेषा असलेला नकाशाच निवडावा. रेषा दाटल्या की चढ तीव्र, एवढे कळले तरी निम्मे काम झाले.

कार्ड असलेल्या यंत्राची कृती अशी. कार्ड संगणकाच्या कार्ड-रीडरमध्ये घालावे. शक्यतो २ जीबीचे किंवा त्याहून लहान कार्ड वापरावे, जुन्या यंत्रांना मोठी कार्डे नेहमीच पचत नाहीत. कार्डावर ‘गार्मिन’ नावाचा फोल्डर रोमन अक्षरांत करून त्यात नकाशाची फाइल ठेवावी. फाइलचे नाव जी, एम, ए, पी, एस, यू, पी, पी ही आठ रोमन अक्षरे आणि पुढे ‘आयएमजी’ हे शेपूट, असेच हवे. दुसरे नाव दिल्यास ही यंत्रे फाइल ओळखत नाहीत. त्याच नावाची जुनी फाइल असेल, तर आधी तिची प्रत संगणकावर काढून ठेवावी. कार्ड परत बसवून यंत्र सुरू केल्यावर नकाशाच्या सेटअपमध्ये नवे नाव दिसते.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा रिकामी जागा दिसली, तर घाबरू नये. या यंत्रांना देवनागरी वाचता येत नाही. गावांची नावे रोमन लिपीत असलेला नकाशा घेतला की अडचण दूर होते. यंत्रावरची तारीख जवळपास वीस वर्षे मागे गेलेली असू शकते. उपग्रहांचा आठवड्यांचा गणक १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो आणि एप्रिल २०१९ मध्ये तो तसा आला. तारीख चुकली तरी स्थान सहसा बरोबर असते.

सोबत कागदी नकाशा असावाच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पत्रकांत, उदाहरणार्थ तोरणमाळचा भाग असलेल्या ‘४६ के’मध्ये, पृथ्वीचा आकार ‘एव्हरेस्ट’ मापनाने धरलेला आहे, तर जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ वापरते. तेच आकडे दोन्हींवर लावले, तर सातपुड्यात सुमारे शंभर मीटरचा फरक पडतो. कड्याजवळ शंभर मीटर म्हणजे काय, हे सांगायला नको. २००५च्या नकाशा धोरणानंतरची ‘ओपन सिरीज’ पत्रके ‘डब्ल्यूजीएस ८४’वरच असल्याने ती वापरावीत.

नर्मदेकडे उतरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. मोफत नकाशांतील समोच्च रेषा बहुतेक वेळा अमेरिकी अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये केलेल्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात. त्या वेळी सरदार सरोवर धरण पूर्ण उंचीचे नव्हते. २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला. या धरणाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, ती सारी याच जिल्ह्यातील. मणिबेली हे त्यांतले ओळखीचे नाव. त्यामुळे पडद्यावर उतार आणि वाट दिसत असेल, तेथे प्रत्यक्षात खोल पाणी असू शकते. तिथे नकाशावर नव्हे, डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

निघण्यापूर्वी घराजवळच्या ओळखीच्या चौकात यंत्राची परीक्षा घ्यावी. पेन्सिल सेलचा जादा जोड बरोबर ठेवावा. सुरुवातीच्या ठिकाणाची खूण साठवावी आणि चालताना वाटेची नोंद चालू ठेवावी. धुक्यात आल्या वाटेने परतण्यास तीच रेषा सर्वांत विश्वासू ठरते.

अस्तंबा डोंगरावर दिवाळीत अश्वत्थाम्याच्या दर्शनाला हजारो यात्रेकरू यंत्राविना चढतात. त्यांची वाट पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी ठरलेली आहे. पाड्यावरच्या भिल्ल वा पावरा माणसाला विचारलेला रस्ता आजही कोणत्याही नकाशाहून ताजा असतो. मोफत नकाशात असे अनेक पाडे आणि झरे अद्याप नाहीत. विचारून मिळालेले पाड्याचे खरे नाव आणि स्वतः चाललेली वाट परतल्यावर त्यात भरली, तर आपल्यामागून येणाऱ्याचा रस्ता चुकणार नाही. फुकट मिळालेल्या नकाशाची परतफेड याहून वेगळी ती काय असणार?