सडपातळ मुलीचीही साखर तपासायची?

पाळी दोन-दोन महिने लांबली, हनुवटीवर केस दिसू लागले की घरातून पहिला शेरा येतो, 'वजन कमी कर.' मुलगी मुळातच काडीसारखी असेल तर? मग म्हणे, लग्नानंतर 'मुट्टु' आपोआप सुरळीत होईल!

'पीसीओएस'चं वर्णन शिकागोच्या डॉ. स्टाइन आणि डॉ. लेव्हेंथल यांनी 1935 मध्ये 7 स्त्रियांवरून केलं. पुढं बरीच वर्षं सारं लक्ष अंडाशयावरच राहिलं. अमेरिकेतील डॉ. अँड्रिया दुनेफ आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये 'डायबिटीस' या नियतकालिकात वेगळंच दाखवून दिलं. या स्त्रियांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, आणि त्याला केवळ लठ्ठपणा कारण नाही. सडपातळ स्त्रियांतही तेच दिसलं.

परिणाम कमी म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते अंडाशयाला अँड्रोजन जास्त बनवायला लावतं. (याला पुरुषी हार्मोन म्हणतात खरं, पण थोडं प्रत्येक बाईत असतंच.) मग स्त्रीबीज वेळेवर पक्व होत नाही, पाळी रेंगाळते.

म्हणूनच 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की निदान होताच, वय-वजन काहीही असो, साखर तपासावी. त्यासाठी ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी रक्ततपासणी अधिक भरवशाची. किशोरवयीन मुलींत सोनोग्राफीवरून निदान करू नये, असंही त्यात आहे.

डॉक्टरांकडे जाताना वर्षभरातील पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात. आई-मावशी-आत्यांपैकी कुणाला मधुमेह आहे, तेही.