सेनापतीस जाब कोणीं विचारावा ?

युद्ध सुरू झालें कीं घराघरांतून एकच उपदेश ऐकूं येऊं लागतो : आतां टीका पुरे, रणांगणावर असलेल्यांचे हात बळकट करा. हा उपदेश देशप्रेमाचा आहे आणि म्हणून तो सर्वांस एकदम पटतोही. परंतु लोकांनीं निवडून दिलेल्या सभागृहासही तो लागू करावा काय ? कोट्यवधि रुपये आणि हजारों तरुणांचे प्राण ज्यांच्या हवालीं केले, त्या सेनानायकांनीं व मंत्र्यांनीं काय केलें, हें विचारण्याचा अधिकार लोकसभेनें युद्धकाळींही वापरावा, कीं शस्त्रें म्यान होईपर्यंत तो गुंडाळून ठेवावा ? हा प्रश्न दिल्लीचा म्हणून आपण सोडून देतों. पण ज्या घरांतील मुलगा सरहद्दीवर उभा आहे, त्या घराचा तो अगदीं उंबरठ्यावरचा प्रश्न आहे.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस तो समजावून सांगण्यास फार प्रयास पडणार नाहींत. घरांत कोणी अत्यवस्थ झालें म्हणजे वैद्यास बोलावतात. मात्रा कोणती द्यावी व किती वेळां द्यावी, याविषयीं घरांतील दहा माणसें दहा मतें देऊं लागलीं, तर रोगी हातचा जातो. तथापि वैद्य कोणीं निवडला, औषध वेळेवर कां आणलें नाहीं, पैसा कोठें खर्च झाला, हें विचारण्याचा कुटुंबाचा हक्क त्यामुळें नष्ट होत नाहीं; आणि तो प्रश्न वैद्यास नव्हे, घरच्या कर्त्या पुरुषास विचारावयाचा असतो. राज्याच्या बाबतींत वैद्य म्हणजे सेनापति, कर्ता म्हणजे मंत्रिमंडळ आणि कुटुंब म्हणजे लोकसभा.

आपल्या राज्यघटनेनें हेंच नातें घालून दिलें आहे. सैन्याचें सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्यानें नियमित व्हावा, असें ५३ व्या कलमांत म्हटलें आहे. आणि मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेस जबाबदार आहे, असें ७५ व्या कलमांत. सैन्याच्या खर्चाची मागणीही दरसाल लोकसभेपुढेंच मंजुरीसाठीं येते. सारांश, सभागृह सेनापतीस आज्ञा देत नाहीं. तें मंत्र्यास विचारतें, आणि मंत्र्यानें सेनापतीस विचारावयाचें असतें. ही साखळी कोठें तुटते व तुटल्यावर काय होतें, याचें सर्वांत बोलकें उदाहरण १९६२ सालचें आहे. आणि त्याच्याशीं महाराष्ट्राचा व आमच्या मराठवाड्याचाही संबंध आहे.

प्रथम युद्धापूर्वीची स्थिति पाहूं. १९५९ च्या ऑगस्टअखेर सरसेनापति जनरल थिमय्या यांनीं, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशीं न पटल्यामुळें, राजीनामा दिला. पंडित नेहरूंनीं त्यांचें मन वळवून तो परत घ्यावयास लावला. पुढें संसदेंत हा विषय निघाला तेव्हां पंडितजींनीं मुलकी सत्ता लष्करी सत्तेहून श्रेष्ठ होय, हें तत्त्व ठासून सांगितलें. तत्त्व निःसंशय बरोबर होतें. परंतु सरसेनापतीसारख्या जबाबदार पुरुषावर राजीनाम्याची पाळी कां यावी, हा मूळ प्रश्न त्या तत्त्वाआड झांकला गेला. १९६१ च्या एप्रिलमध्यें आचार्य कृपलानी यांनीं लोकसभेंत मेनन यांच्यावर कडक टीका केली. सैन्यांत गट पाडले व सैन्याचें मनोधैर्य खचविलें, असा त्यांचा आरोप होता. पुढच्याच वर्षीं सार्वत्रिक निवडणुकींत हे दोघे उत्तर मुंबई मतदारसंघांत समोरासमोर उभे राहिले आणि मेनन मोठ्या मताधिक्यानें निवडून आले. मतदारांनीं माणूस निवडला. पण डोंगरावरच्या शिपायाजवळ गरम कपडे आहेत काय, त्याच्यापर्यंत रस्ता पोंचला आहे काय, याचें उत्तर मतपेटींतून निघत नसतें. तें सभागृहांतच काढावें लागतें. येथें वाद माणसांचा झाला. तयारीचा झाला नाहीं.

त्याचें फळ लवकरच दिसलें. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चिनी फौजांनीं लडाख व नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, या दोन्ही बाजूंनीं हल्ला चढविला. आठवड्याच्या आंत तवांग गेलें. २६ ऑक्टोबरला आणीबाणी पुकारण्यांत आली. अशा वेळीं संसदेचें अधिवेशन लांबणीवर टाकणें कोणत्याही सरकारास सोयीचें. परंतु येथें तें उलट अलीकडे ओढून ८ नोव्हेंबरला भरविण्यांत आलें. बैठक गुप्त असावी अशी सूचना आली, तीही पंडितजींनीं मान्य केली नाहीं. हें त्यांचें मोठेपण मान्य केलेंच पाहिजे. १६५ सभासदांनीं भाषणें केलीं, आणि १४ नोव्हेंबरला आक्रमकास हटविण्याच्या निर्धाराचा ठराव सर्वांनीं उभें राहून संमत केला. तत्पूर्वींच मेनन यांना जावें लागलें होतें. ३१ ऑक्टोबरला संरक्षणखातें त्यांच्याकडून काढून पंडितजींनीं स्वतःकडे घेतलें. पण स्वपक्षाच्याच सभासदांचा असंतोष तेवढ्यानें शमेना, तेव्हां ७ नोव्हेंबरला त्यांचा राजीनामा स्वीकारण्यांत आला.

हा सभागृहाचा विजय नव्हे काय ? होय, पण तो उशिराचा विजय. ठराव होऊन आठवडा लोटला नाहीं तोंच से ला व बोमदिला हीं ठाणीं पडलीं. २१ नोव्हेंबरला चीननें एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सरकारी आंकड्यांप्रमाणें १,३८३ जवान मृत्यु पावले, १,६९६ बेपत्ता झाले व ३,९६८ कैद झाले. सभागृहाच्या निर्धारांत कांहीं उणें नव्हतें; परंतु दोनतीन वर्षांपूर्वीं जो प्रश्न चिकाटीनें विचारावयास हवा होता, त्याची भरपाई एका दिवसाच्या ठरावानें होत नाहीं.

याच आठवड्यांत दोन नेमणुका झाल्या. मुंबईहून मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि जनरल थापर यांच्या जागीं जनरल जे. एन. चौधरी सरसेनापति झाले. चौधरी हें नांव नांदूरघाटच्या पंचक्रोशींत नवें नव्हतें. बीड जिल्हा पूर्वीं निजामाच्या राज्यांत होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईंत हैदराबादेंत शिरलेल्या फौजेचे सेनानी हेच, आणि १९४९ अखेरपर्यंत त्या संस्थानाचे लष्करी गव्हर्नरही हेच. प्रौढ मताधिकारानें निवडलेलें विधिमंडळ आमच्या प्रांतास १९५२ सालीं मिळालें. तोंवर कारभाऱ्यास जाब विचारण्याची जागाच येथें नव्हती. म्हणून सेनापतीच्या वर कोण, हा प्रश्न आम्हां मराठवाड्यांतील लोकांस केवळ पुस्तकी वाटत नाहीं.

नव्या सरसेनापतींनीं नेफांतील पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांच्याकडे सोंपविली. १९६३ च्या ऑगस्टमध्यें कृपलानी यांनीं नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेंतील तो अशा प्रकारचा पहिलाच ठराव. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनीं फेटाळला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २ सप्टेंबर १९६३ रोजीं, चव्हाण यांनीं चौकशीचें सार लोकसभेपुढें ठेविलें. सैनिकांचें शिक्षण चिनी युद्धपद्धति लक्षांत घेऊन झालें नव्हतें. साधनसामग्रीची तूट होती व असलेली डोंगरांत वेळेवर पोंचली नाहीं. शत्रूची बातमी काढण्याचें काम ढिलें होतें. आणि वरिष्ठ कचेऱ्या रणांगणावरील बारीकसारीक डावपेंचांतही हात घालीत, जे त्या जागेवरील अधिकाऱ्यानें ठरवावयाचे असतात. खालच्या पायरीवरील अधिकारी सामान्यतः ठीक होते. उणीव वरच्या पायऱ्यांवर अधिक दिसली, हेंही त्यांनीं सांगितलें. कोणास सुळावर चढविण्यासाठीं नव्हे, तर धडा घेण्यासाठीं ही चौकशी आहे, असा त्यांचा एकंदर रोख होता. पराभवानंतर वर्षाच्या आंत मंत्र्यानें सभागृहांत इतकें सांगावें, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु मूळ अहवाल सभागृहास दाखविला गेला नाहीं. तो प्रकट केल्यास सुरक्षिततेस धोका पोंचेल व सरहद्दीवरील सैन्याच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, हें कारण चव्हाण यांनीं दिलें. १९६३ सालीं तें रास्त होतें. शत्रु समोर उभा होता. पण २०१० सालीं, म्हणजे ४७ वर्षांनंतरही, संसदेस जवळजवळ तेंच उत्तर मिळालें. आणि २०१४ सालीं नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारानें त्या अहवालाचा कांहीं भाग जगापुढें मांडला. आपला मुलगा कां परत आला नाहीं, हें ज्या आईबापांस आपल्या सभागृहाकडून कळावयास हवें होतें, त्यांपैकीं बहुतेक तोंवर हें जग सोडून गेलेले असणार. गुप्ततेस मर्यादा नसली म्हणजे ती संरक्षणाची ढाल न राहतां चुकांचा पडदा होते.

येथें कोणी म्हणेल, सभागृहास असा अधिकार दिला तर लढाई समितीच्या हातीं जाईल. ही भीति निराधार नाहीं. तिचें उदाहरण आपल्या बोरघाटाच्या वरच घडलें आहे. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांनीं रघुनाथरावास पुण्यास बसविण्यासाठीं फौज पाठविली, आणि तिचा कारभार कारनॅक, कर्नल एगर्टन व मॉस्टिन अशा तिघांच्या समितीकडे दिला. मॉस्टिन आजारी पडून वारला, एगर्टन यानें प्रकृतीमुळें सेनापतित्व कॉकबर्नकडे दिलें, आणि पुढें जावें कीं मागें फिरावें या विचारांतच नाना फडणीस व महादजी शिंदे यांच्या फौजांनीं त्यांना घेरलें. जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास त्यांना मानहानीचा तह करावा लागला. पुढें कंपनीच्या संचालकांनीं कारनॅक, एगर्टन व कॉकबर्न या तिघांनाही नोकरींतून काढलें. आपल्या पूर्वजांस त्या गोंधळाचा लाभ झाला हें खरें. पण धडा आपणही घ्यावा. रणांत आज्ञा एकाचीच असावी. मात्र लक्षांत ठेवण्याजोगें हें कीं, १९६२ सालीं डावपेंचांत ढवळाढवळ केली ती लोकसभेनें नव्हे, वरिष्ठ कचेऱ्यांनीं. प्रश्न विचारणें आणि लुडबूड करणें हीं दोन भिन्न कर्में होत.

भर युद्धांत प्रश्न विचारल्यानें राष्ट्र दुबळें होतें, ही समजूतही इतिहासास धरून नाहीं. मे १९४० मध्यें जर्मनीशीं युद्ध चालू असतां नॉर्वेंतील अपयशावर इंग्लंडच्या पार्लमेंटांत दोन दिवस वादविवाद झाला. चेंबरलेन यांस २८१ विरुद्ध २०० मतें मिळाली. म्हणजे ते हरले नाहींत, पण बहुमत इतकें घटलें कीं १० मे रोजीं त्यांनीं राजीनामा दिला व चर्चिल आले. इंग्लंड त्यामुळें खचलें नाहीं.

आपल्याकडेही १९६२ चा धडा वायां गेला नाहीं. १ सप्टेंबर १९६५ रोजीं छांब भागांत पाकिस्तानी रणगाडे पुढें सरकले, तेव्हां वायुदल वापरण्याची परवानगी चव्हाण यांनीं त्याच सायंकाळीं दिली. ६ सप्टेंबरला सैन्यानें पंजाबची सरहद्द ओलांडली, आणि ती वार्ता त्यांनीं त्याच दिवशीं लोकसभेस सांगितली. मंत्री निर्णय घेतो, सेनापति तो पार पाडतो व सभागृहास वेळेवर कळतें, असा क्रम येथें दिसला. १९९९ सालीं कारगिलचें युद्ध झालें तेव्हां लोकसभा बरखास्त झालेली होती, परंतु के. सुब्रह्मण्यम् यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीचा अहवाल, कांहीं भाग वगळून, फेब्रुवारी २००० मध्यें संसदेपुढें ठेवण्यांत आला. वगळण्याजोगें तेवढें वगळावें व बाकीचें उघड करावें, ही वाट १९६३ च्या वाटेहून बरी आहे.

महाभारतांतील युद्धवृत्ताचा आरंभ अभ्यासकांस ठाऊक आहेच. संजय रणांगणावरून येतो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊन. आणि मग धृतराष्ट्र खोदखोदून विचारूं लागतो. संजय त्याचे दोष तोंडावर सांगण्यास कचरत नाहीं. पण प्रश्न चांगले असले तरी वेळ टळून गेलेली असते. सभागृहानें धृतराष्ट्र होऊं नये. शांततेच्या काळांत तयारीविषयीं चिकाटीनें विचारावें. युद्धांत मंत्र्यास विचारावें, सेनापतीचा हात धरूं नये. आणि युद्ध संपल्यावर ठराविक मुदतीच्या आंत संपूर्ण हिशेब मागून घ्यावा. यांतील पहिलें काम सर्वांत नीरस, म्हणून तेंच सर्वांत अधिक राहून जातें. आपल्या भागाचा खासदार मतें मागण्यास दारीं येतो, तेव्हां रस्ता व पाणी यांबरोबर सैन्याच्या तयारीविषयीं त्यानें सभागृहांत किती प्रश्न विचारले, हेंही घरांतील वडील मंडळींनीं, आणि विशेषतः मातांनीं, त्यास अवश्य विचारावें.