कपिलधारच्या खडकात सोनं का नाही?

चार मित्रांनी मिळून डोंगरात बोगदा खोदायचा आणि सोनं काढायचं, ही कल्पना मोहक आहे. पण बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मन्मथ स्वामींच्या समाधीजवळ धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, तो कडाच याचं उत्तर देतो. बालाघाटचा हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. भारतात खाणीतलं सोनं सापडतं ते बहुधा त्याहून कितीतरी जुन्या, अडीच अब्ज वर्षांपलीकडच्या खडकांत, गारगोटीच्या शिरांमध्ये. कोलार आणि रायचूर जिल्ह्यातलं हट्टी ही त्याची उदाहरणं. बीड आणि रायचूर दोन्ही एकेकाळी निजामाच्या राज्यात होते, पण राज्य एक असलं म्हणून खडक एक होत नाही!

कुणी म्हणेल, लाव्हाखाली तो जुना खडक असेलच की. बरोबर, आहे. पण याच लाव्हाच्या प्रदेशातल्या किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधणछिद्रात तो लागला ३३८ मीटर जाडीच्या लाव्हाखाली. शिवाय तिथे सोनं असेलच असं नाही. चांगल्या खाणीतही टनभर दगडातून काही ग्रॅमच मिळतं. इथल्या दगडात चमकतं ते बहुतेकदा स्फटिक किंवा झिओलाइट असतं.

परवान्याविना खाणकाम १९५७च्या खनिज कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि आधार न दिलेला बोगदा कोसळतो, त्यात हवा कोंडते. तेव्हा मित्रांनो, कपिलधारला जरूर जा, कड्यातले लाव्हाचे थर निरखून पाहा. कुदळ मात्र घरीच ठेवा.