प्राण्यांची बुद्धी आणि मुलांचे मत

वाचकहो, शाळेतील निबंधाच्या वह्या चाळण्याचा योग तुम्हांला कधी आला आहे का? माझी थोरली बहीण एका खेड्यातील शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा सातवीच्या वह्यांचा गठ्ठा तिने माझ्यापुढे टाकला आणि म्हणाली, "बाळू, तू कॉलेजात शिकवतोस ना? मग वाच जरा!" विषय होता ‘माझा आवडता प्राणी’. वह्या तीस-पस्तीस, पण निबंध जणू एकच. कुत्रा इमानी असतो, गाय उपयुक्त असते, घोडा चपळ असतो. सगळे कोठल्या तरी मार्गदर्शकातून उतरलेले.

दुसऱ्या दिवशी मी अक्काबरोबर शाळेत गेलो. गाईवर निबंध लिहिणाऱ्या एका मुलाला सहज विचारले, "तुमच्या घरी गाय आहे का रे?"

"नाही सर, शेळ्या आहेत."

"मग शेळीचं काही सांग की."

मुलगा खुलला. त्यांच्या घरची एक म्हातारी शेळी गोठ्याच्या दाराची कडी तोंडाने उचलते, दार ढकलते आणि बाकीच्या शेळ्यांना घेऊन शेजारच्या शेवग्यावर तुटून पडते. दोन्ही हातांनी कडी कशी उचलली जाते, हेही त्याने करून दाखवले. सारा वर्ग हसू लागला.

"अरे, मग हे वहीत का नाही लिहिलंस?"

तो म्हणाला, "ते पुस्तकात नव्हतं, सर."

हे उत्तर माझ्या मनातून अजून गेलेले नाही. अशीच मुले पुढे आमच्या कॉलेजात येतात. "तुमचे मत लिहा" असा प्रश्न आला की ती विचारतात, "सर, मत कुठल्या पुस्तकातून लिहायचं?" आपण पाहिलेल्या गोष्टीला किंमत नाही आणि छापलेल्या वाक्याला आहे, हे ती शाळेतच शिकून आलेली असतात. उद्या हीच मुले ग्रामसभेत बसणार आहेत, मत देणार आहेत, कानावर येणारी अफवा खरी की खोटी हे ठरवणार आहेत. म्हणून मत कसे बनवावे, हे शिकवण्याचे वय शाळेचेच. आणि त्यासाठी प्राण्यांच्या बुद्धीइतका सोयीचा विषय दुसरा नाही. कावळा, कुत्रा, मुंगी, शेळी! हे सामान सरकारकडून मागवावे लागत नाही.

सुरुवात वाचनापासून करावी. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणारा हा कावळा इसापाच्या कथांतून आपल्याकडे आला. पंचतंत्रातला कावळा तर सापाच्या बिळात सोन्याची साखळी टाकून माणसांकडूनच शत्रूचा काटा काढतो. पण आपल्या घरातली काऊ-चिऊची गोष्ट पाहा. तिथे कावळा शेणाचे घर बांधतो आणि पावसात ते वाहून जाते. आता मुलांना विचारा, "कावळा शहाणा की वेडा?" वर्गात लगेच दोन तट पडतील. पडू द्यावेत! मग तिन्ही गोष्टी वाचून झाल्यावर हळूच म्हणावे, "बाळांनो, या तर माणसांनी रचलेल्या गोष्टी. खरा कावळा काय करतो, हे कुणी पाहिलंय का?"

इथे मुलांना एक खरी हकीकत सांगता येईल. इसापाची गोष्ट खरी ठरते का, हे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रत्यक्ष करून पाहिले. कावळ्याच्याच कुळातले ‘रूक’ नावाचे चार पक्षी त्यांनी घेतले. उभ्या नळीत थोडे पाणी, पाण्यावर तरंगणारी अळी आणि शेजारी खडे. चोच अळीपर्यंत पोचत नव्हती. चारही पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणले व अळी मिळवली. लहान खड्यांपेक्षा मोठे खडे घ्यावेत, हे ते लवकरच शिकले. भुशाच्या नळीत ही युक्ती चालत नाही, हेही त्यांना उमगले. हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला.

पण याच पक्ष्यांना नळीत दगड टाकला की खाऊ मिळतो, हे आधीच्या एका प्रयोगात कळले होते. तेव्हा ही नवी युक्ती म्हणावी, की जुन्या सवयीचा उपयोग? आणि आपल्या दारातला कावळा एवढा हुशार, तर कोकिळेने त्याच्या घरट्यात घातलेले अंडे तो आपले समजून का उबवतो? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणूनच हा विषय मत बनवायला शिकण्यास चांगला.

लिहिण्याआधी मुलांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी काय पाहिले किंवा वाचले? त्यावरून मला काय वाटले? आणि याचे दुसरे काही कारण असू शकेल का? पहिले दोन प्रश्न वेगळे ठेवणे मोठ्यांनाही जड जाते. "कुत्रा दाराशी बसून होता", हे पाहिलेले. "तो मालकाची आठवण काढत होता", हे वाटलेले. दोन्ही लिहावे, पण एकाच्या जागी दुसरे लिहू नये. मग निबंध सरळ होतो: आधी आपले मत, मग ते कशावरून, मग विरुद्ध बाजूचे म्हणणे, आणि शेवटी आपण मतावर ठाम का, किंवा ते का बदलले.

आता शिक्षकबंधूंना व भगिनींना एक सूचना. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात हान्स नावाचा एक घोडा फार गाजला. त्याचे मालक फॉन ऑस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. बेरीज-वजाबाकी विचारली की घोडा खूर आपटून अचूक उत्तर देई. १९०४ साली जाणकारांच्या मंडळाने तपासणी केली. लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी योजना केली, आणि घोडा चुकू लागला! उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले. ते पाहून हान्स थांबे. त्याला गणित येत नव्हते, पण माणूस वाचता येत होता. फुंग्स्ट यांनी हे १९०७ साली प्रसिद्ध केले.

आपली मुले हान्सपेक्षा कमी चतुर नाहीत. "कावळा शहाणा का?" असे विचारताना गुरुजींची मान जरा हलली, की तीस हात एकदम वर होतात. म्हणून आपले मत शेवटपर्यंत चेहऱ्यावर येऊ देऊ नये. आणि गुण देताना ‘शहाणा’ लिहिले की ‘वेडा’, हे पाहू नये. ‘कशावरून’ लिहिले का, ते पाहावे. शुद्धलेखनाच्या लाल रेघा त्या दिवशी थोड्या कमी ओढल्या तरी चालतील.

अक्काने हे वर्गात करून पाहिले. महिनाभराने तिने त्या मुलाचा नवा निबंध मला पाठवला. अर्धेच पान आहे. तो लिहितो, "मी कडीला सुतळी बांधली. शेळी दोन दिवस नुसती कडीच उचलत होती. तिसऱ्या दिवशी तिने सुतळी चावून तोडली आणि दार उघडले. म्हणून ती हुशार आहे असे मला वाटते. पण तिला सुतळी खायची असेल, असे पण असेल. आता मी तार बांधणार आहे."

या निबंधात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. अक्काने विचारले, "गुण किती देऊ?" मी म्हटले, "तार बांधल्यावर काय झालं, ते आधी कळव."