आडवाटेचे वाहन, पाठीचा कणा आणि मदतीची भाषा

आच्छादणे या अर्थाच्या 'छाद्' धातूच्या कुळातील 'छावणी' हा शब्द मराठेशाहीत फौजेच्या पावसाळी मुक्कामाला लावीत. पुढे तो कायमच्या लष्करी वसाहतीचा वाचक झाला. खाम नदीपलीकडील, छत्रपती संभाजीनगराची छावणी ही अशाच वसाहतींपैकी एक होय. तेथे लष्कराच्या गाड्यांची ये-जा असते. गुरुवारच्या आठवडी बाजारासाठी आसपासच्या खेड्यांतून माणसे, जनावरे आणि ट्रॉल्या येतात. लष्कराची जीप आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर यांत एक साम्य आहे: दोघांनाही डांबरी रस्ता सोडून चालावे लागते. बांध, नाला, उतार, नांगरट हीच त्यांची वाट. आणि या वाटेवरचा अपघात पुष्कळदा पाठीच्या कण्यावर येऊन आदळतो. अशा प्रसंगी जखमीचे पुढील आयुष्य जवळ उभ्या असलेल्यांच्या हातांवर अवलंबून असते. ते हात शब्दांच्या हुकमाने चालतात. म्हणून हा विषय वैद्यकाचा असला तरी भाषाभ्यासकालाही परका नाही.

प्रथम आघाताचे स्वरूप पाहू. गाडी बांधावरून खाली आदळली म्हणजे बैठकीचा धक्का कटीतून सरळ वर जातो व मणका वरून-खालून चेपला जाऊन फुटतो. गाडी उलटली व डोके टपावर आपटले, तर हाच दाब मानेवर येतो. पट्टा फक्त कमरेला असेल, तर धड पुढे दुमडून मणका मागच्या बाजूने फाकतो. या अस्थिभंगाचे वर्णन चान्स या क्ष-किरणतज्ज्ञाने 1948 मध्ये केले. ट्रॅक्टरची गोष्ट आणखी वेगळी. मागची चाके चिखलात रुतली असता चालकाने जोर दिला, तर चाके फिरण्याऐवजी यंत्राचे धडच आसाभोवती फिरून क्षणार्धात मागे उलटते. चालकाला उडी मारण्यास अवसर मिळत नाही. चालकाभोवतीची मजबूत लोखंडी चौकट हा यावरील उपाय असून स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली.

आता शब्दांकडे वळू. 'मणका' म्हणजे मूळचा मणी. माळेत ओवलेल्या मण्यांची ही कल्पना शरीररचनेला चपखल बसते. मानेत 7, छातीच्या मागे 12 व कमरेत 5 असे सुटे मणके असून त्यांखाली त्रिकास्थीचे 5 व माकडहाडाचे बहुधा 4 सांधलेले असतात. बरगड्यांनी आवळलेला छातीचा ताठर भाग जेथे कमरेच्या लवचिक भागाला मिळतो, तेथे आघात विशेषेकरून केंद्रित होतो. परंतु माळेतील जो दोरा, तो मज्जारज्जू. त्याला बोलीत स्वतंत्र घरगुती नाव रूढ नाही. 'शीर' किंवा 'नस' या मोघम शब्दांवर काम भागवले जाते. 'मणका सरकला', 'मणका मोडला' या प्रयोगांत नाव घेतले जाते ते हाडाचे. हाड मोडले तर ते सांधते, हा अनुभव घरोघरचा असल्याने ऐकणाराही सांधण्याचाच विचार करतो.

'रज्जू' हा पारिभाषिक शब्दही याच भ्रमाला पोषक आहे. कारण तुटलेल्या दोराला गाठ मारता येते. मज्जारज्जूतील तुटलेले तंतू मात्र तसे पुन्हा जुळून येत नाहीत. शिवाय मणका मोडला म्हणजे रज्जू तुटलाच असे नाही. पुष्कळदा हाड मोडून अस्थिर झालेले असते आणि आतील रज्जू अजून शाबूत किंवा अंशतःच दुखावलेला असतो. पहिला घाव अपघाताचा. दुसरा घाव सूज व खंडित रक्तपुरवठा यांचा, आणि कित्येकदा चुकीच्या हाताळणीचा. पहिला टाळणे बघ्यांच्या हाती नसते. हाताळणीचा घाव बव्हंशी त्यांच्याच हाती असतो.

अपघात झाला की प्रथम ऐकू येणारे शब्द ठराविक असतात: 'उचला', 'बसवा', 'पाणी पाजा'. हे शब्द करुणेचे आहेत, यात शंका नाही. परंतु 'उचला' या हुकमाची नेहमीची अंमलबजावणी म्हणजे एकाने काखेत हात घालणे व दुसऱ्याने पाय धरणे. मध्ये धड झोळीसारखे लोंबते आणि मोडलेला मणका नेमका तेथेच वाकतो. 'बसवा' या हुकमानेही तेच घडते. पाण्याने ठसका लागण्याची भीती असते, आणि पुढे शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास पोट रिकामे असणे इष्ट असते.

जाणता मनुष्य अशा वेळी 'हलवू नका' असे ओरडतो. सल्ला योग्य आहे. पण वाक्याची घडण घातक ठरू शकते. मराठीत 'नका' हा निषेध क्रियापदाच्या मागून येतो. हिंदीत 'मत हिलाओ' म्हणताना निषेध आधी कानी पडू शकतो; मराठीत आधी क्रिया ऐकू येते व मग तिची मनाई. 'हलवू' आणि 'हलवा' यांत भेद आहे तो केवळ अन्त्य स्वराचा. गलक्यात तो स्वर व त्यापुढील 'नका' विरून गेले, तर ऐकणाऱ्याच्या कानी उरते ती फक्त हलविण्याची क्रिया. म्हणून अशा प्रसंगी निषेधापेक्षा विधायक आज्ञा श्रेयस्कर होय: 'थांबा. डोके धरा. एकशेआठला फोन करा.' पहिल्या शब्दाने हात थांबतात. दुसऱ्या वाक्याने एकाला काम मिळते: जखमीच्या डोक्यामागे गुडघे टेकून, डोके आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरणे. तिसऱ्याने रुग्णवाहिका येते. 108 क्रमांकाची ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून उपलब्ध आहे. मदत करणाऱ्याने पोलिसी चौकशीच्या भीतीने मागे सरण्याचे कारण नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 134 अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते.

आग, पाण्याचा लोंढा किंवा श्वास कोंडणे अशा संकटात मात्र जखमीला हलवावेच लागते. ओकारी होत असल्यास कुशीवर वळवावे लागते. तेव्हा डोके, खांदे व कटी एका रेषेत ठेवून ओंडक्याप्रमाणे एकसंध वळविणे हा नियम आहे. त्यास तीन-चार माणसे लागतात आणि सर्वांचे हात एकाच क्षणी चालावे लागतात. येथे 'एक, दोन, तीन' हा नित्याचा संकेत संदिग्ध ठरतो. कोणी 'तीन'वर हलतो, कोणी 'तीन'नंतर. दोघांमधील तो अर्धा क्षण म्हणजे कण्याला दिलेला पीळ होय.

या संदिग्धतेवरील तोड छावणीच्या कवायतीत आयती सापडते. कवायतीचा हुकूम दोन अंगांचा असतो: 'पीछे' हे सावध करणारे अंग, आणि 'मुड़' हे कृतीचे. पहिले ऐकून शरीर सिद्ध होते. दुसरे ऐकल्यावर पाऊल उचलते. मराठीचे क्रियापद स्वभावतःच वाक्याच्या शेवटी येत असल्याने ही रचना तिला सहज साधते. 'सगळे मिळून, डाव्या कुशीवर,' एवढे म्हणून क्षणभर थांबावे आणि मग 'वळवा' म्हणावे. हा हुकूम डोके धरणाऱ्यानेच द्यावा. इतरांनी मौन पाळावे. निषेधाच्या बाबतीत जो वाक्यक्रम अडचणीचा ठरतो, तोच येथे उपकारक होतो.

दुखापतीनंतरही शब्दांचे काम संपत नाही. 'अर्धांग' या रूढ शब्दाने शरीराची डावी किंवा उजवी बाजू सुचते व मेंदूच्या विकाराकडे लक्ष जाते. कमरेखालच्या भागाची शक्ती व संवेदना गेली असता 'अधरांगघात' ही संज्ञा अधिक नेमकी आहे. तिचा उपयोग केवळ परिभाषेपुरता नाही. संवेदना गेली हे घरच्यांना कळले, तरच दर दोन तासांनी कूस का बदलावयाची व मूत्रमार्गाची काळजी का घ्यावयाची याचा उलगडा होतो. पूर्वी असे रुग्ण दगावत ते बहुधा मणक्याने नव्हे, तर शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या संसर्गाने. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे 1944 पासून लुडविग गुटमन यांनी नेमक्या याच शुश्रूषेवर भर देऊन रुग्णांना पुन्हा कामाला व खेळाला लावले.

महाराष्ट्रातही या परंपरेची साक्ष आहे. 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले, सांगली जिल्ह्यातील सैनिक मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे 50 मीटर जलतरणात भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. खडकी येथे 1974 मध्ये अधरांगघातग्रस्त सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. 'लुळा' किंवा 'पांगळा' म्हणून माणसाचे वर्णन संपविणाऱ्या भाषेला या दोन गोष्टींनी परस्पर उत्तर दिले आहे.

तथापि पुनर्वसनाची वाट बांधाखालच्या त्या पहिल्या काही मिनिटांतूनच जाते. 'कणा ताठ ठेवणे' हा मराठीत स्वाभिमानाचा वाक्प्रचार आहे; अपघातस्थळी त्याचा अर्थ अक्षरशः घ्यावयाचा असतो. जखमीला स्वतःचा कणा राखता येत नसताना तो इतरांनी राखावयाचा, आणि त्यासाठी लागणारा पहिला शब्द 'उचला' नसून 'थांबा' हा आहे.