बचाव ढासळला, की योगायोग?

सलग दोन सामन्यांत तीन-तीन गोल बसले की चाहत्यांची पहिली मागणी ठरलेली: बचावाचा प्रशिक्षक बदला! पण हिशेब पाहा. एखादा संघ सामन्याला सरासरी दीड गोल खात असेल, तर विरळ घटनांची शक्यता मोजणाऱ्या पॉयसाँच्या सूत्रानुसार साधारण 22 टक्के सामन्यांत त्याच्यावर एकही गोल होणार नाही आणि 19 टक्के सामन्यांत तीन किंवा जास्त होतील. खेळाडू तेच, प्रशिक्षकही तोच. गोल मुळातच विरळ, म्हणून योगायोगाला भरपूर वाव. शिवाय हकालपट्टी होते ती वाईट काळात. त्यानंतर संघ बहुधा आपल्या सरासरीकडे परततोच आणि श्रेय नव्या माणसाला मिळतं. त्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला कुठून, किती संधी मिळाल्या हे मोजणं मला जास्त न्याय्य वाटतं.

एफसी गोवा या फुटबॉल क्लबचंच पाहा. एप्रिल 2021, फातोर्डा, आशियाई चॅम्पियन्स लीग. प्रशिक्षक हुआन फेरांडोंच्या संघाने कतारच्या अल-रय्यानला आणि तीन दिवसांनी अमिरातीच्या अल-वहदाला गोलशून्य बरोबरीत रोखलं. काय चिवट बचाव होता तो! त्यानंतर आठवड्याभरातच इराणच्या पर्सेपोलिसने चार गोल चढवले. प्रतिस्पर्धी बलाढ्य होता हे खरं, पण गोव्याचा प्रशिक्षक बदललेला नव्हता.